सगळं ‘नाही’ लिही

६ जानेवारी

ताई,

पोचले नीट. फोन बंदच ठेवलाय म्हणून पत्र लिहितेय. तुझा फोन दिवसभर भावोजींच्या खिशात असतो, आणि माझा नवा नंबर गोटीच्या बाबाच्या हाती लागला तर तो इथं यायला एक दिवससुद्धा लावणार नाही. गेल्या वर्षी त्यानं गोटीला दोन दिवस कुठं नेऊन ठेवलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून मी कुणालाच धड काही सांगत नाही. तुला सांगते, कारण माझी पोर तुझ्याकडे आहे.

हॉस्टेलात आम्ही चौघी एका खोलीत. दारावरच पाटी आहे, लहान मूल चालणार नाही. येता-जाता ती पाटी वाचली जाते.

काम सांगते. सकाळी सहाला जिम उघडायची, गाद्या झटकायच्या, आरसे पुसायचे. आरशांवर बोटांचे ठसे किती पडतात विचारू नकोस, माणसं स्वतःला हात लावून बघतात की काय. सात ते नऊ बायकांची बॅच, तिथं मी मदतनीस. दुपारी सरांचा वर्ग. सर म्हणजे जिमचे मालक, आणि शिकवणारेही तेच. पाच महिने शिकायचं, मग बाहेरची माणसं येऊन परीक्षा घेणार. पास झालं की ट्रेनरचं प्रमाणपत्र, आणि सर म्हणतात, बायकांची बॅच कायमची माझी.

कचेरीतल्या समुपदेशनवाल्या बाई काय म्हणाल्या ते तुझ्यासमोरच म्हणाल्या. कायमचं काम दाखव, मुलीला ठेवता येईल अशी खोली दाखव, तर मुलगी तुझ्याकडे. नाहीतर तिच्या बाबाकडे. जूनअखेर पुन्हा बोलावणार आहेत. तोवर मला तेवढा कागद पाहिजे, दुसरं काही नको.

नववी शिकलेल्या बाईला सरांनी का घेतलं, ते मात्र कळत नाही. विचारलं तर म्हणाले, तुझ्याशी बायका बोलतात. एवढ्यावर कोण कुणाला घेतं? डोळे उघडे ठेवलेत मी.

तू दुकानात असशील तेव्हा गोटी शेजारच्या काकूंकडे, असं ठरलंय ना? तिला भरवू नकोस, तीन वर्षांची झाली, तिचं ती खाते. डावा कान दुखला तर ती सांगत नाही, नुसती मान वाकडी करते. झोपताना पाठीवर बोटानं गोल काढत राहा. आणि तिचा एक फोटो पाठव.

छोटी

---

१७ जानेवारी

छोटे,

पत्र मिळालं. गोटी मजेत आहे. खाते, झोपते, भांडते. परवा ह्यांचा चष्मा पाण्याच्या बादलीत सोडला आणि मासा आहे म्हणाली. हे तासभर आंधळ्यासारखे घरात चाचपडत होते.

तुझ्या कामाचं मला खरं सांगू का, पटलेलं नाही. परक्या बायकांच्या अंगाला हात लावायचा, पोटाच्या घड्या मोजायच्या, हे कसलं शिक्षण. आणि मालक तोच मास्तर, मास्तर तोच मालक. अर्ध्यावर सोडून आलीस तरी मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. आणि राहिलीस तरी गोटीची काळजी करू नकोस. ती इथं रुळली.

एक कर. पुढचं पत्र घरी पाठवू नकोस. मी शिवायला बसते त्या टेलरिंगच्या दुकानाचा पत्ता खाली लिहिलाय, तिथं पाठव. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस. घरी हल्ली टपाल इकडंतिकडं होतं.

फोटो काढीन सवडीनं.

ताई

---

११ फेब्रुवारी

ताई,

दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, पण माझ्या डोक्यात ते बसलेलं नाही. तुझ्या घरी टपाल कधी हरवलं होतं?

माझं शिकणं चाललंय. मांडी म्हणजे मांडी असं मला आजवर वाटायचं. पुढं चार स्नायू निघाले, मागं तीन. दंडाला पुढच्या बाजूनं दोन मुंडक्यांचा स्नायू, मागच्या बाजूनं तीन मुंडक्यांचा. आत इतकी मुंडकी घेऊन माणूस फिरतो, आणि वरच्या एकानं धड विचार करता येत नाही. नावं पाठ होत नाहीत, म्हणून आरसे पुसताना पुटपुटते. बायका म्हणतात हिला कुणी करणी केलीय.

सरांचा जीव मात्र सात प्रश्नांच्या फॉर्मवर. कुणी नवीन आलं की व्यायामाच्या आधी हे सात विचारायचेच. डॉक्टरांनी हृदयाचं काही सांगितलंय का, व्यायाम करताना छातीत दुखतं का, एरवी दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्याचं काही आहे का, कसल्या गोळ्या चालू आहेत का. आणि सातवा, आम्ही विचारलं नाही असं आणखी काही आहे का. एकाला जरी ‘हो’ आलं तरी आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग व्यायाम. पण बायका दारात चपला काढता काढताच सांगतात, सगळं ‘नाही’ लिही. मी लिहिते. मागं रांग असते.

परीक्षेला प्रत्येकीला आपलं एक गिऱ्हाईक तयार करून न्यायचंय. मला दिलेल्या बाई बासष्ट वर्षांच्या. पोस्टात पत्रं निवडायचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचंही सगळं ‘नाही’. पण त्या मला फार विचारतात, ताई. लग्न झालंय का, मूल आहे का, कुठं असतं. परवा माझ्या हातात हेच पाकीट होतं, तर लांबूनच वाचून म्हणाल्या, दुकानाचा पत्ता दिसतोय, घरचा का नाही? ह्यांना माझ्या पत्त्याशी काय करायचंय? गोटीच्या बाबाच्या ओळखीतल्या तर नाहीत? मी सांगितलं, मला मूलबाळ नाही. त्या ‘बरं’ म्हणाल्या. ज्या रीतीनं म्हणाल्या ते मला आवडलं नाही.

पाच आठवडे झाले, फोटो नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी मी येते. तासभर बघून परत जाईन.

छोटी

---

२० फेब्रुवारी

छोटे,

येऊ नकोस. आत्ता कुठं तिचं रडणं थांबलंय. तू तासभर बसशील आणि जाशील, पुढचे आठ दिवस मी निस्तरायचे. आधी ते प्रमाणपत्र घे.

फोटो काढला नाही, कारण उवा झाल्या म्हणून तिचे केस बारीक कापलेत. वेडेवाकडे दिसतात. वाढले की काढू. आवाज मात्र खणखणीत झालाय. दिवसभर दुकानात हाका मारत असते, कापड बेतणारे मास्तर वैतागतात.

त्या पोस्टातल्या बाईपासून चार हात लांब राहा. माझं नावसुद्धा कुठं काढू नकोस. मुंडकी मोज आणि गप बस.

ताई

---

२२ मार्च

ताई,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

आधी इथं काय झालं ते सांगते. मंगळवारी पोस्टातल्या बाई चालायच्या पट्ट्यावर होत्या. वयाच्या हिशोबानं नाडी कुठवर जायला हवी ते काढायचं आणि माणसाला तिथवर न्यायचं, असं आम्हाला शिकवलंय. त्यांची शंभराच्या पुढं जायला हवी होती. आकडा अठ्ठ्याऐंशीवर बसला. मी वेग वाढवला, अठ्ठ्याऐंशी. पट्ट्याला चढ दिला, तरी अठ्ठ्याऐंशी. सर लांबून म्हणाले, बाई आरामात आहेत, अजून वाढव. मी बटणावर बोट ठेवलं आणि सहज विचारलं, कसं वाटतंय? तर त्यांना ‘बरं’ एवढंसुद्धा एका दमात म्हणता येईना. ओठ राखेसारखे झालेले. यंत्र म्हणतंय बाई मजेत आहेत, आणि तोंड म्हणतंय नाही. सरांना न विचारता मी वेग उतरवायला घेतला. पट्टा एकदम बंद करायचा नसतो, रक्त पायात साचतं आणि माणूस कोसळतं. हळूहळू उतरवायचा. घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. मग खुर्ची, मग डॉक्टर.

बाई ठीक आहेत. ब्लडप्रेशरची गोळी निघाली, सहा वर्षं घेताहेत. ती गोळी हृदयाला लगाम घालते. माणूस मेटाकुटीला आलं तरी नाडी वर चढत नाही. फॉर्मवर सहाव्या प्रश्नासमोर ‘नाही’ लिहिलंय. माझ्या अक्षरात.

सरांनी फॉर्म सगळ्यांसमोर धरला आणि विचारलं, लिहिलं कुणी? मी म्हटलं, मी. मग ते स्वतःच म्हणाले, आणि वाढव कोण म्हणालं, मी. एवढं बोलून आत गेले. मला वाटलं आता काढून टाकतील. अजून टाकलेलं नाही.

दोन दिवसांनी बाईंच्या घरी गेले आणि सरळ विचारलं, का लपवलंत? त्या म्हणाल्या, “आधीच्या जिमनं गोळीचं ऐकून दारातूनच परत पाठवलं होतं. आणि तू कागदाकडे बघून विचारत होतीस. कागदाला नाही म्हणायला काय लागतं?” पत्त्याचंही विचारून घेतलं. म्हणाल्या, चाळीस वर्षं पत्तेच वाचले, डोळ्यांची सवय जात नाही. असेल खरं. मी अजून पूर्ण मानलेलं नाही.

ताई, तेव्हापासून तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसतेय. गोटी मजेत. गोटी खाते. गोटी रुळली. अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी.

उवा म्हणतेस. उवा झाल्या असत्या तर तू फणी घेऊन आठ दिवस तिच्यामागं बसली असतीस, केसांना कात्री लावली नसतीस. मी तुला ओळखते. काकूंकडे ठेवायचं ठरलं होतं, मग ती दिवसभर दुकानात का? घरचा पत्ता का नको? मला का येऊ देत नाहीस? तुझ्या लग्नाला दहा वर्षं झाली आणि तुला मूल नाही, हे मी कधी तोंडावर आणलं नव्हतं. आज आणते. माझ्या मनात येतं ते लिहायची लाज वाटते, पण येतं.

मी पण सात विचारते. मी समोर बसलेय असं धरून वाच, आणि मग हो की नाही ते लिही. गोटी आजारी आहे का, किंवा होती का. तिचा बाबा आला होता का. तुम्ही घर बदललंत का. केस उवांमुळेच कापलेस का. ती तुला आई म्हणते का. ती तुला कायमची हवी आहे का. आणि सातवा, मी विचारलं नाही असं आणखी काही आहे का.

सगळं ‘नाही’ लिहू नकोस.

छोटी

---

२८ मार्च

छोटे,

पत्र येऊन तीन दिवस झाले. शिवायला बसले की सुई बोटात जाते, म्हणून आता लिहूनच टाकते.

पहिल्याचं उत्तर नाही. सर्दी झाली होती, गेली.

दुसऱ्याचं हो. तीनदा आला. पहिल्यांदा अकरा जानेवारीला, म्हणजे मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी. काकूंच्या दारात उभा राहून गोड गोड बोलत होता, काखेत बाहुली. काकू बिचाऱ्या भोळ्या. बाबाच आहे की, म्हणून गोटीला चपला घालत होत्या. त्या दिवशी धागा संपला म्हणून मी दुकानातून लवकर निघाले, नाहीतर तुला काय पत्र लिहिलं असतं मला माहीत नाही. मी जिन्यात ओरडले. सगळी चाळ गोळा झाली तेव्हा गेला.

घर बदललं. दुकानाच्या मागं मालकांची एक खोली होती, तिथं आलो. हे अजून कुरकुरतात. गोटी दिवसभर माझ्या मशीनखाली बसते.

केस उवांमुळे नाही कापले. लांबून मुलगा वाटावी म्हणून कापले. चड्डी आणि सदराही शिवलाय. तुला कळवलं असतं तर तू शिकणं टाकून पळत आली असतीस, आणि तो तेवढ्याचीच वाट बघत होता.

आई म्हणते, हो. आधी मीच शिकवलं. रस्त्यात कुणी विचारलं तर मला आई म्हण, असं. मग रस्त्यात नसलो तरी म्हणायला लागली. मी थांबवलं नाही.

सहाव्यापाशी पेन ठेवलं आणि एक आख्खी पँट शिवून काढली. हो. हवी आहे.

आता सातवा. कचेरीतून समुपदेशनवाल्या बाईंचं पाकीट आलं होतं. जुन्या घरी, तुझ्या नावानं, फेब्रुवारीत. मी फोडलं. जूनची भेट अलीकडे ओढलीय. आठ एप्रिल, सकाळी अकरा. गोटीच्या बाबानं मागणी केली म्हणून. तू आली नाहीस तर तुझ्याशिवाय ठरवतील, असं त्यात आहे. मला वाटलं, तू नसशील आणि मी गोटीला कडेवर घेऊन गेले, तर पोर कुणाला बिलगते ते त्या बाई बघतील आणि माझ्याकडेच ठेवतील. बाबाकडे देणार नाहीत असं मी आपलं धरून चालले. ते पाकीट मशीनच्या खणात होतं. सोबत घातलंय.

तू मला जे म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालंय.

ताई

---

१ एप्रिल

ताई,

पाकीट मिळालं.

आठ तारखेला साडेदहाला कचेरीच्या पायऱ्यांवर गोटीला घेऊन उभी राहा. तिचे सगळे कपडे बांधून आण. तू आली नाहीस तर मी काय करीन ते माझं मलाच माहीत नाही.

खोलीचा कागद पोस्टातल्या बाईंनी लिहून दिलाय, त्यांच्या मागच्या खोलीचा. असं कोण कुणाला देतं, ते पुढं कळेलच. प्रमाणपत्र नाही. सरांनी चिठ्ठी दिलीय, ती घेऊन येते.

छोटी

---

२६ मे

ताई,

सात आठवडे लिहिलं नाही. तुझी चार पत्रं आली. तीन अजून फोडलेली नाहीत.

आठ तारखेचं तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. तरी लिहिते, कारण माझ्या कानात ठोके वाजत होते आणि निम्मं मला ऐकू आलं नाही. मला आठवतं ते असं. तो म्हणाला, ही लोकांना उठाबशा काढायला लावून पोरीचं पोट भरणार. दारातला शिपाईसुद्धा हसला. मी सरांची चिठ्ठी पुढं केली. बाईंनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. मग गोटीला जवळ घेऊन विचारलं, तुझी आई कुठंय? गोटीनं तुझ्याकडे बोट केलं.

तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. म्हणाला, बघा, पोर हिला ओळखत नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा तू बोललीस. “ते मी शिकवलंय. आई ती आहे, मी मावशी. आणि हिला तारीख कळली नव्हती, कारण पाकीट मी लपवलं होतं.” एवढं मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. भावोजी खाली जमिनीकडे बघत होते.

तू तसं बोललीस म्हणून गोटी आज माझ्याकडे आहे. आणि तू आधी तसं वागलीस म्हणूनच तिनं बोट तिकडं केलं. दोन्ही एकदम माझ्या डोक्यात असतं. एक धरून दुसरं सोडता येत नाही.

आठ जुलैपर्यंत मुदत आहे. तोवर प्रमाणपत्र नेऊन दाखवायचं, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि त्या वेळी तो वकील आणणार. शनिवारी तो तिला कचेरीतच, बाईंच्या समोर भेटतो. मी बाहेरच्या बाकावर बसून दाराकडे बघत असते.

गोटी पहिले दहा दिवस मला ‘ए’ म्हणायची. आता ‘छोटी’ म्हणते, तुझं ऐकून. परवा कान दुखला तर मान वाकडी करून माझ्याकडे आली. पोस्टातल्या बाई जवळ होत्या, तरी माझ्याकडे. तुझं रोज विचारते. मी खोटं सांगत नाही, दुकानात आहे म्हणते. सकाळी बायकांच्या बॅचला कोपऱ्यातल्या गादीवर बसते. त्या धापा टाकायला लागल्या की तीही टाकते. बायकांना हसू आवरत नाही आणि माझी मोजणी चुकते.

आता कामाचं. चौदा जूनला परीक्षा, इथल्या एका शाळेत. तीन तास लेखी, आणि लगेच प्रात्यक्षिक. त्याला गिऱ्हाईक घेऊन जायचं, म्हणजे पोस्टातल्या बाईही आतच. त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळालीय. आम्ही आता नाडीचा आकडा धरत नाही, बोलत बोलत चालतो. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी.

तर गोटीला बघायला त्या दिवशी माणूस नाही. सर म्हणाले त्यांच्या घरी सोड. त्यांच्या घरचं मला काय माहीत? हॉस्टेलातल्या मुली आहेत, पण कुणी बाहुली घेऊन आलं तर त्याही चपला घालून देतील. माझा कुणावर भरवसा बसत नाही. तुझ्यावरही बसत नाही. पण तिचा बाबा आला तर जिन्यात ओरडणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

म्हणून लिहितेय. एकटी ये. भावोजी नकोत. तिला शाळेच्या फाटकाबाहेर न्यायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. पाणी आणि खाऊ मी देईन. आवारात बाक आहेत म्हणे. माझ्या खिडकीतून दिसेल अशाच बाकावर बसायचं. मी मान वर केली की मला तुम्ही दिसला पाहिजेत. मी सारखी मान वर करणार. त्यापायी दोन-चार प्रश्न राहिले तर राहिले.

जमत नसेल तर नाही लिही. हो लिहायचं असेल तर घाई करू नकोस.

छोटी

---

३ जून

छोटे,

हो.

काल येऊन ती शाळा बघून गेले. पत्ता पोस्टातल्या बाईंकडून घेतला नाही, तुझ्या सरांच्या जिमला फोन लावून परीक्षा कुठं आहे एवढंच विचारलं. तुझ्या रस्त्याला आले नाही. गोटीला बघायला थांबले नाही. बस अर्धा तास उशिरा होती, तरी स्टँडवरच बसून राहिले, एवढं तुला सांगते.

शाळेच्या आवाराला दोन फाटकं आहेत. तिथल्या वॉचमनला म्हटलं, मागचं त्या दिवशी बंद ठेवाल का. हो म्हणाला, पण तोंडी हो आहे, तू सरांकडून एकदा सांगवून घे. परीक्षा दुसऱ्या मजल्यावर, जिन्यावरून डावीकडच्या मोठ्या खोलीत. आवारात चार बाक. फाटकाजवळचे दोन धरायचे नाहीत. झाडाखालचा सावलीत आहे, पण वर जाऊन बघितलं तर नुसती पानं दिसतात. पाण्याच्या टाकीजवळचा घ्यायचा. तो तिसऱ्या खिडकीतून पूर्ण दिसतो. मी वॉचमनला त्या बाकावर बसवलं आणि वर जाऊन तुझ्या जागी उभी राहिले. त्याला वाटलं बाई जरा वेडी आहे. तू लवकर जा आणि तिसरी खिडकी धर. तिथला नंबर दुसऱ्या कुणाचा असला तर त्याच्या पाया पड.

तिथं ऊन आहे. छत्री धरली तर वरून आम्ही दिसणार नाही, म्हणून दोन टोप्या शिवतेय, लाल कापडाच्या.

मी तिला मांडीवर घेणार नाही. शेजारी बसवीन, मधे हातभर जागा ठेवून. म्हणजे वरून आम्ही दोघी वेगवेगळ्या दिसू.

ताई